स्वयंपाकघरातून : झाकणावरचे पाणी

हिवाळा लागला म्हणजे भाजीबाजारात कोबीच्या गड्ड्यांचे ढीग दिसू लागतात, आणि त्याच सुमारास कित्येक घरांतून एक जुनी तक्रार ऐकू येऊ लागते : "आज पुन्हा कोबीच का?" कोबी आता बारमाही झाला आहे हे खरे, परंतु त्याची खरी गोडी थंडीतलीच, आणि त्याच्याविषयीची नाराजीही थंडीतच अधिक. स्वस्त, टिकाऊ, चिरायला सोपा, फारसे काही वाया न जाणारा; इतके गुण एका ठायी असणे हेच जणू त्याचे दुर्दैव ठरले आहे. पाहुणे यायचे असले म्हणजे कोबी कोणाला आठवत नाही. महिनाअखेर आली म्हणजे आठवतो. जी वस्तू केवळ गरजेपोटी केली जाते तिच्याकडे कोणी मन लावून पाहत नाही, आणि मन न लावता केलेल्या कोबीइतकी उदास भाजी दुसरी नसेल. पिवळट राखी रंग, तळाशी साचलेले पाणी, आणि झाकण काढताच घरभर पसरणारा तो वास!

आमचे म्हणणे असे की, यात कोबीचा काही दोष नाही. या भाजीची जी जुनी घरगुती रीत आहे, तिच्यात या तिन्ही तक्रारींवर उपाय आहे, आणि तो अगदी साधा आहे. कढईवर नुसते झाकण ठेवायचे नाही. खोलगट ताटली झाकायची आणि त्या ताटलीत पेलाभर पाणी ओतून ठेवायचे. प्रेशर कुकर आणि घट्ट झाकणाची पातेली आल्यापासून ही ताटली बऱ्याच स्वयंपाकघरांतून उठून गेली. तिच्याबरोबर कोबीची चवही गेली असे आम्हांस वाटते. म्हणून आजचे हे सदर तिच्यासाठी.

प्रथम या पाहुण्याची थोडी ओळख करून घेऊ. पाहुणा म्हणण्याचे कारण असे की, कोबी मूळचा आपल्याकडचा नव्हे. त्याचे रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाढत. गोव्याचा किल्ला 1510 साली पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि त्यांच्यामागून ज्या अनेक वस्तू आपल्या परसात शिरल्या त्यांत ही भाजी होती. मराठी 'कोबी' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतील 'कोव्ह' या शब्दावरून आला असे मानतात. आमच्यासारख्या भाषांतराचे काम करणाऱ्यांना या भाजीची निरनिराळ्या भाषांतील नावे मोठी गमतीची वाटतात. गुजराती तिला कोबी किंवा कोबीज म्हणतात. हिंदीत ती पत्तागोभी किंवा बंदगोभी, बंगालीत बांधाकपी, ओडियात बंधाकोबी, म्हणजे बांधलेली. कन्नडमध्ये एलेकोसु म्हणताना पानाकडे लक्ष दिलेले आहे, तर तमिळ माणसाला तिच्यात अंड्याचा आकार दिसला, म्हणून तो तिला मुट्टैकोस म्हणतो. विदर्भात पानकोबी आणि फुलकोबी अशी स्वच्छ विभागणी आहे. ती पुण्यामुंबईकडच्या 'कोबी' आणि 'फ्लॉवर' या जोडीपेक्षा आम्हांला अधिक सरळ वाटते. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही वस्तुतः एकाच जातीच्या वनस्पतीची तीन रूपे आहेत. एकीची पाने खायची, एकीचे फूल, एकीचे खोड.

कोबीला बी धरण्यासाठी आधी चांगली थंडी सोसावी लागते. आपल्या सखल प्रदेशात त्याचा गड्डा उत्तम भरतो, पण युरोपीय वाणांना तेथे फुलोरा येत नाही. म्हणून अशा वाणांचे बीजोत्पादन हिमाचल, काश्मीर यांसारख्या थंड प्रदेशांत करावे लागते. कुलू खोऱ्यात कटराईं येथे भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे जे केंद्र आहे, त्याचे नाव या कामाशी जोडलेले आहे. बाजारात दिसणारा लहानसा, गोल, घट्ट गड्डा बहुधा 'गोल्डन एकर' किंवा त्याच्यासारख्या वाणाचा असतो. मोठा चपटा दिसला तर तो 'ड्रमहेड' वर्गातला समजावा. भाजीसाठी पहिला घ्यावा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, आणि बोटांनी दाबला असता करकरला पाहिजे.

इतकी शतके येथे राहूनही काही ठिकाणी त्याला अजून प्रवेश नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो यांच्याबरोबर कोबीही चालत नाही, आणि आपल्याकडेही श्राद्धाच्या स्वयंपाकात तो वर्ज्य मानणारी घरे आहेत. रोजच्या ताटात मात्र त्याने असे बस्तान बसविले आहे की, कोबीची भाजी 'परंपरागत' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

आता त्या वासाकडे वळू. कोबीच्या पानात गंधक असलेली काही द्रव्ये असतात. ती पेशीच्या एका कप्प्यात असतात, आणि त्यांचे विघटन करणारे एन्झाइम दुसरीकडे साठवलेले असते. पान अखंड असते तोवर दोघांची गाठ पडत नाही, म्हणून अख्ख्या गड्ड्याला फारसा वास येत नाही. विळीवर चिरताच कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि किंचित झणझणीत असा वास सुटतो. तो मोहरी फेसताना सुटणाऱ्या वासाचा जवळचा नातेवाईक आहे, आणि यात नवल नाही, कारण कोबी आणि मोहरी एकाच कुळातल्या. कोबीच्या फोडणीत आपण मोहरी घालतो ते म्हणजे घरच्याच माणसाला बोलावण्यासारखे आहे.

हा पहिला वास वाईट नव्हे. पचडीची सारी लज्जत त्याच्यावरच असते. वाईट वास येतो तो नंतर, कोबी फार वेळ शिजत राहिला म्हणजे. उष्णतेने गंधकाची द्रव्ये आणखी मोडतात, आणि कुजल्या अंड्याची आठवण करून देणारे वायू बाहेर पडू लागतात. जितका वेळ अधिक, तितके ते अधिक. म्हणजे ज्या भाजीला आठ मिनिटे पुरेत तिला पंचवीस मिनिटे दिली, तर तो वास आपण आपल्या हातांनी तयार केला असे म्हटले पाहिजे. रंगाचेही तेच. हिरवा रंग दीर्घ उष्णतेत टिकत नाही, तो राखी होतो. काही जण तो टिकविण्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. रंग टिकतो खरा, परंतु पान लिबलिबीत होते आणि क जीवनसत्त्वाचा नाश होतो. तेव्हा हा सौदा तोट्याचाच.

क जीवनसत्त्वाचा उल्लेख आला तो जरा पुढे नेला पाहिजे. शंभर ग्रॅम कच्च्या कोबीत ते सुमारे 35 मिलिग्रॅम असते. प्रौढ माणसाला दिवसाकाठी स्त्रियांना 65 आणि पुरुषांना 80 मिलिग्रॅम हवे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 सालची शिफारस आहे. संत्री-मोसंबी रोज घेणे ज्या घरांना परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने ही सामान्य भाजी केवढे काम करू शकते ते यावरून कळेल. मात्र हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. कोबी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतणारी गृहिणी भाजीतला मोठा ऐवज त्या पाण्याबरोबर घालवते. कॅप्टन जेम्स कुक 1768 साली 'एंडेव्हर' जहाजावरून दक्षिण समुद्राच्या सफरीवर निघाला, तेव्हा खलाशांना रक्तपिती होऊ नये म्हणून त्याने आंबवलेल्या कोबीची पिंपे बरोबर घेतली होती. खलाशी त्याला तोंड लावीनात. कुकने त्यांना उपदेश केला नाही. तो पदार्थ अधिकाऱ्यांच्या मेजावर रोज ठेवण्याची व्यवस्था केली. वरिष्ठ खातात असे पाहताच खलाशीही मागू लागले. ज्या घरात मुले कोबी खात नाहीत तेथे वडीलमंडळी तो किती आवडीने खातात, हे एकदा पाहावे!

आणखी एका शंकेचे निरसन करून पुढे जाऊ. कोबी खाल्ल्याने गलगंड होतो असे ऐकिवात असते. या समजाला आधार आहे तो असा : 1928 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे प्रयोगासाठी ठेवलेल्या सशांना मुख्यतः कोबीवरच पोसले होते आणि त्यांच्या कंठग्रंथी वाढलेल्या आढळल्या. परंतु आपण काही कोबीवरच राहणारे ससे नव्हेत. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा शिजवलेला कोबी खाण्यात निरोगी माणसाला धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ज्यांना कंठग्रंथीचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता प्रत्यक्ष कृती. ही हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी. पोळीबरोबर चार माणसांना पुरेल.

अर्धा किलो कोबी, पन्नास ग्रॅम हरभऱ्याची डाळ, तीन-चार हिरव्या मिरच्या, सात-आठ पाने कढीलिंब, दोन मोठे चमचे तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, दोन चिमटी हिंग, अर्धा लहान चमचा हळद, बेताचा एक लहान चमचा मीठ, अर्धा चमचा साखर, दोन मोठे चमचे खवलेले ओले खोबरे, मूठभर कोथिंबीर आणि अर्धे लिंबू. कांदा नाही, लसूण नाही. ज्यांना हवा त्यांनी घालावा, पण मग ती निराळी भाजी होते.

डाळ तीन तास आधी भिजत घालावी. घाई असेल तर गरम पाण्यात तासभर. कोबीची वरची फाटकी पाने काढून गड्डा देठाच्या बाजूने उभा चिरून त्याचे चार भाग करावेत, आणि ते मिठाच्या पाण्यात पाव तास बुडवून ठेवावेत, म्हणजे आत अळी असल्यास बाहेर येते. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण निथळू द्यावेत. धुणे ते येथेच. चिरल्यावर धुऊ नये. मधला जाड दांडा बाजूला काढावा, टाकू नये. कोबी विळीवर किंवा सुरीने बारीक, एकसारखा चिरावा. एकसारखा हा शब्द महत्त्वाचा आहे. जाडबारीक चिरला तर बारीक तुकडे गळून जातात आणि जाड कच्चे राहतात.

लोखंडाची किंवा जाड बुडाची कढई तापवून तेल घालावे. मोहरी पुरती तडतडू द्यावी. अर्धवट तडतडलेली मोहरी कडवट लागते. मग हिंग, मिरच्यांचे तुकडे, कढीलिंब आणि शेवटी हळद घालून लगेच निथळलेली डाळ टाकावी. हळद एकटी तेलात राहिली की करपते, म्हणून ती नेहमी डाळीच्या किंवा भाजीच्या अगदी आधी. डाळ दोन मिनिटे परतावी, दांड्याचे सोलून केलेले बारीक तुकडे तिच्यातच घालावेत, पाण्याचा एक हबका मारावा आणि झाकण ठेवून सहा-सात मिनिटे मंद आचेवर ठेवावी. डाळीचा दाणा बोटांत दाबला तर मोडला पाहिजे, पिठासारखा होता कामा नये. बहुतेक घरांत चूक होते ती या पायरीवर. डाळ आणि कोबी एकदमच घातले की डाळ शिजेपर्यंत कोबी उकडत राहतो, आणि मग वर सांगितलेले सारे अनर्थ ओघानेच येतात.

डाळ मऊ झाली की आच मोठी करून कोबी घालावा आणि दोन मिनिटे खालीवर परतून प्रत्येक तुकड्याला तेल लागू द्यावे. पाणी मुळीच घालू नये. कोबीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, ते त्याला पुरते. आता आच मंद करावी, कढईवर खोलगट ताटली झाकावी आणि तिच्यात पेलाभर थंड पाणी ओतावे.

ते पाणी काय करते? कढईतून वाफ वर जाते, थंड ताटलीला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीवर पडतात. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, तळाला लागत नाही, आणि बाहेरून पाणी घालण्याची पाळी येत नाही. ताटलीतले पाणी हळूहळू कोमट होते, आणि चतुर गृहिणी त्यावरून आत काय चालले आहे ते ओळखते. पाण्यातून वाफ निघू लागली की ताटली उचलून पाहण्याची वेळ झाली. कोबी अगदीच कोरडा वाटला तर तेच गरम पाणी चमचाभर शिंपडावे. थंड पाण्याने भाजी दचकते, असे जुन्या बायका म्हणत. साधारण सहा ते आठ मिनिटे पुरतात. मध्ये एकदा ताटली काढून भाजी हलवावी, म्हणजे कोंडलेला वास निघून जातो.

मीठ या वेळी घालावे, आधी नव्हे. कच्च्या कोबीचा ढीग पाहून मीठ घातले तर हात सैल सुटतो, आणि ढीग निम्म्यावर आला की भाजी खारट होते. मीठ आणि साखर घालून शेवटची दोन मिनिटे उघड्यावर परतावे, सुटलेले पाणी आटू द्यावे आणि पानात थोडी करकर शिल्लक असतानाच आच बंद करावी. लोखंडी कढई आच बंद झाल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. पूर्ण शिजेपर्यंत थांबलात तर ती उरलेल्या उष्णतेने भाजी अधिक शिजवून ठेवील. खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू खाली उतरवल्यावर. साखरेविषयी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. कोकणात खोबरे अधिक पडते, देशावर काही घरांत त्याच्या जागी दाण्याचे कूट येते; साखर ज्यांना नको त्यांनी वगळावी, परंतु अर्ध्या चमच्याने भाजी गोड होत नाही, केवळ कोबीचा उग्रपणा मावळतो, एवढे आम्ही नम्रपणे सुचवितो.

अशा रीतीने केलेली भाजी गरम असताना उत्तम लागते, आणि तिची खरी अडचण येथेच आहे. कोबी वाट पाहू शकत नाही. वांग्याची भाजी मुरते, उसळ दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. कोबी तासाभराने मलूल होतो, आणि पुन्हा तापवला की बिघडतो. म्हणून घरात जेवणाच्या पंगती दोन-तीन होत असतील तर पहिल्या पंगतीला हिरवी, करकरीत भाजी मिळते, दुसरीला बरी मिळते, आणि सर्वांच्या शेवटी जी ताट घेऊन बसते तिच्या वाट्याला दोनदा तापवलेली, राखी झालेली, तळाची भाजी येते. पुष्कळ घरांतून ही शेवटची व्यक्ती म्हणजे जिने ती भाजी केली तीच असते. हे कोणी ठरवून केलेले नसते, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. "मला कोबी आवडतच नाही" असे म्हणणाऱ्या किती गृहिणींनी आपण केलेला कोबी ताजा असा कधी खाल्लेला असतो, याचा हिशेब एकदा घरोघरी व्हावा.

यावर उपाय सर्वांनी एकत्र बसण्याचा. तो ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावा. कारखान्याच्या पाळ्या, शाळांच्या वेळा आणि दूरच्या कचेऱ्या यांमुळे ज्यांना तो शक्य नाही, त्यांच्यासाठी दुसरा आहे. डाळीपर्यंतची सर्व तयारी एकदमच करावी आणि निम्मी डाळ-फोडणी वाटीत काढून ठेवावी. चिरलेला निम्मा कोबी झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावा. उशिरा जेवणाऱ्याने वाटीतले मिश्रण कढईत गरम करावे, कोबी घालावा, ताटली झाकावी. दहा मिनिटांत भाजी तयार होते. यात शिकण्यासारखे असे काहीच नाही. घरातल्या कोणत्याही मुलाला अथवा पुरुषमाणसाला ते एका दिवसात जमते. उशिरा येणाऱ्याने ते स्वतः करावे, आणि शेवटी बसणारीसाठी इतरांपैकी कोणीतरी करावे.

आमचे वाचक देशभर पसरलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या घरांतून हीच भाजी निरनिराळ्या वेषांत भेटते. तमिळनाडूत तिचे पोरियल होते : मोहरीबरोबर उडदाची डाळ आणि सुकी मिरची फोडणीत, वरून खोबरे. आपल्या हरभऱ्याच्या डाळीची ही बहीणच. केरळमधील तोरनात खोबरे, हिरवी मिरची आणि जिरे ओबडधोबड वाटून घेतात, कढईतल्या कोबीच्या मध्यभागी आळे करून त्यात ते वाटण ठेवतात, वरून कोबीनेच झाकतात, आणि वाफ आली की सारे एकत्र करतात. पाण्याशिवाय वाफ कोंडण्याची ही युक्ती आपल्या ताटलीच्या तोडीची आहे. गुजराती संभारो तर दोन-तीन मिनिटांचाच खेळ : लांब पट्ट्या, मोहरी-हळद-मिरची, मोठी आच, आणि पान मऊ पडण्याआधी खाली. बंगाली घंट मात्र निराळ्या वाटेने जातो. नाव ऐकताच मराठी माणसाला घोटणे आठवते, आणि पदार्थही तसाच : बटाटा, मटार, आले, जिरे, तमालपत्र, शेवटी तूप आणि गरम मसाला, कोबी अगदी मिळून येईपर्यंत शिजवायचा. काही घरांत त्यात माशाचे डोकेही पडते. वर आम्ही जे वेळेचे शास्त्र सांगितले त्याला हा एक सणसणीत अपवाद आहे. परंतु तेथे मसाल्याने त्या वासाला सामावून घेतलेले असते. आपल्या हिंग-मोहरीच्या नाजूक फोडणीला ते पेलत नाही. कोलकात्यात राहणाऱ्या मराठी गृहिणीने घंट शेजारणीकडून शिकावा आणि आपली भाजी तिला शिकवावी. एकीत दुसरी मिसळू मात्र नये.

या सदरासाठी ज्या पाककृती आमच्याकडे येतात त्यांत 'बेताचे मीठ', 'अंदाजाने पाणी', 'हाताला येईल तेवढी डाळ' असे शब्द फार असतात. ज्या घरात शिकणारी मुलगी आईच्या शेजारी उभी असते तेथे हे शब्द पुरेसे आहेत. परंतु रेल्वेच्या, बँकेच्या, सैन्याच्या नोकरीमुळे जी कुटुंबे दर तीन वर्षांनी गाव बदलतात, त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारी उभे राहायला कोणी नसते. तेथे तो 'अंदाज' एका पिढीत संपतो. म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम करा. घरातल्या वडील बाईंना त्यांची भाजी नेहमीप्रमाणे करू द्या, मध्ये बोलू नका. त्यांनी मूठ भरली की ती पातेल्यात पडण्यापूर्वी तराजूवर ठेवायला सांगा. चिमटी असेल तर चमच्यात. घड्याळ जवळ ठेवा. हे एकदा नव्हे, निरनिराळ्या दिवशी तीनदा करा, कारण हात रोज थोडा बदलतो, आणि तीन आकड्यांच्या मधला आकडा घ्या. कढई कशाची, केवढी, आणि चूल की गॅस, हेही लिहा. चुलीवर निखारे हळूहळू विझतात व भाजी त्या धगीवर मुरते. गॅस बंद होतो तो क्षणात. चुलीवरचे माप गॅसवर आणताना एवढा फरक धरावाच लागतो.

उरला गड्ड्यातला दांडा, आणि बाहेरची ती गडद पाने. दांडा डाळीबरोबर घातला तर उत्तमच. नाही तर सोलून, चकत्या करून, मीठ लावून मुलांच्या हाती द्यावा. आमच्या लहानपणी त्यासाठी भांडणे होत. बाहेरची गडद पाने रोगट नसतील तर टाकू नयेत. आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा अ जीवनसत्त्वाची सामग्री त्यांतच अधिक असते. ती धुऊन, बारीक चिरून थालिपिठात किंवा बेसन घालून उकडलेल्या वड्यांत चांगली खपतात. आणि गड्ड्याचा एक चतुर्थांश भाग पचडीसाठी ठेवावा. कच्चा खायचा असल्याने पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावे, अगदी बारीक चिरावे, दाण्याचे कूट, लिंबू, मीठ, साखर घालून वरून हिंग-मिरचीची चरचरीत फोडणी द्यावी. ताटात भाजी उजवीकडे वाढली जाते आणि पचडी डावीकडे; दोन्ही बाजूंना बसण्याचा मान फार थोड्या भाज्यांना आहे.

पुढील अंकी याच कुळातल्या नवलकोलाविषयी लिहावयाचे योजिले आहे. वाचकांनी आपापल्या घरची रीत अवश्य कळवावी. मात्र मापे ग्रॅममध्ये आणि वेळ मिनिटांत द्यावी, आणि भांडे कोणते वापरता ते लिहिण्यास विसरू नये.